काँक्रीट ओतण्याआधी

मुंबईच्या उपनगरांचा सांगाडा उत्तर-दक्षिण आहे. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि त्यांच्या सोबतीने जाणारे दोन द्रुतगती महामार्ग एकाच दिशेने धावतात. बोरिवलीहून चर्चगेट गाठणे सोपे, पण बोरिवलीहून मुलुंड गाठायचे तर दादरचा वळसा, घोडबंदरचा रस्ता किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची रांग, यांतून एक निवडावे लागते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 2014 साली सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवासाला पहिल्यांदा रुळांचा आधार मिळाला. आता महापालिका गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता बांधत आहे. त्याची लांबी 12.2 किलोमीटर आणि रुंदी 45.70 मीटर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून प्रत्येकी तीन मार्गिकांचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे जातील, आणि एकूण खर्च सुमारे 14 हजार कोटी रुपये आहे. बोगद्यांचे भूमिपूजन 13 जुलै 2024 रोजी झाले. याच काळात उपनगरांतले शेकडो किलोमीटर डांबरी रस्ते उखडून काँक्रीटचे केले जात आहेत. रस्ता मुळापासून नव्याने बांधला जात असताना त्याच्या कडेने किंवा मधून हलक्या रेल्वेची आखणीही आताच करावी का, यावर दोन बाजू आहेत. पुढील संवादात एक पक्ष आग्रही आहे, तर दुसरा साशंक.

आग्रही : उपनगरांत रस्ता आणि रूळ यांची आखणी नेहमी वेगवेगळ्या दशकांत होते, आणि त्याची किंमत दोनदा मोजावी लागते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडेच पाहा. 2002 साली जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात तो घेतला गेला. घरे हलवली, दुकाने मागे सरकवली, रस्ता रुंद केला, दुभाजक बांधले. हे काम होऊन पंधरा वर्षेही उलटली नसतील, तोच 2018 पासून त्याच रस्त्याच्या मधोमध मेट्रो 6 चे खांब उभे करायला पत्रे लागले. लोखंडवाला ते विक्रोळी ही पंधरा किलोमीटरची मार्गिका योग्यच आहे. चूक आहे ती क्रमाची. रुंदीकरणाच्या वेळी रस्त्याचा मधला पट्टा रुळांसाठी मोकळा ठेवला असता, खालच्या वाहिन्या तेव्हाच कडेला घेतल्या असत्या, तर पवई आणि साकीविहारच्या लोकांनी इतकी वर्षे एका मार्गिकेवर दिवस काढले नसते. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो 4 ची तीच कथा. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या संपूर्ण पट्ट्यात आधी रस्ता झाला, नंतर पत्रे आले. गोरेगाव-मुलुंड रस्त्याला अजून संधी आहे. त्यावर दोन रुळांची हलकी रेल्वे आखायला साधारण आठ मीटरचा पट्टा लागतो, स्थानकापाशी थोडा अधिक. 45 मीटरच्या रस्त्यात आठ मीटर म्हणजे फार नव्हे.

साशंक : मागे वळून क्रम लावणे सोपे असते. त्या वेळी मेट्रो 6 चा आराखडाच नव्हता, मग पट्टा कशाच्या मापाने सोडायचा? खांबांवरच्या मेट्रोला एक रुंदी, जमिनीवरच्या ट्रामला दुसरी, बससाठी तिसरी. पण ते बाजूला ठेवू. आधी ‘हलकी’ म्हणजे काय, हे ठरवू. मुंबईने हलक्या वाहतुकीचा एक प्रयोग केलेला आहे. मोनोरेल चेंबूर ते वडाळा 2014 साली धावली आणि 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. मधे आगीनंतर जवळपास वर्षभर बंद राहिली. ऑगस्ट 2025 मधल्या पावसात ती खच्चून भरलेल्या अवस्थेत खांबांवरच अडकली, प्रवासी शिड्यांनी उतरवावे लागले, आणि सप्टेंबरमध्ये सेवाच थांबवली गेली. अरुंद डबे, कमी फेऱ्या, जगात फार थोड्या ठिकाणी मिळणारे सुटे भाग. मुंबईत प्रवाशांची कमतरता कधीच नसते. मोनोरेलला ते मिळाले नाहीत, कारण ती लोकांच्या वाटेवर नव्हती आणि जिथे होती तिथे पुरेशी नव्हती. तुमची हलकी रेल्वे या दोहोंपैकी कशात मोडेल?

आग्रही : मोनोरेल आणि हलकी रेल्वे यांचे नाते नावापुरतेच. मोनोरेलची तुळई आणि गाडी एकाच घराण्याची असावी लागते, पुरवठादार बदलता येत नाही. हलकी रेल्वे साध्या 1435 मिलिमीटरच्या रुळांवर, वरच्या तारेतून वीज घेऊन धावते. डझनभर कंपन्या अशी गाडी बनवतात. केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘मेट्रोलाइट’ या नावाने तिची मानके ठरवली आहेत. जमिनीवर कुंपण घातलेला स्वतंत्र पट्टा, तीन डबे, सुमारे 300 प्रवासी, आणि तासाला एका दिशेने 15 हजारांपर्यंत मागणी असलेल्या मार्गांसाठी. गणित साधे आहे. दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटली तर तासाला नऊ हजार माणसे जातात, दोन गाड्या जोडल्या तर अठरा हजार. मोटारींच्या एका मार्गिकेतून अडीच-तीन हजार माणसे गेली तरी ती उत्तम वाहिली असे म्हणतात. उपनगरांत प्रत्येक मार्गाला सहा डब्यांची मेट्रो लागत नाही. लागते ती लोकल आणि मेट्रो यांना जोडणारी मधली श्रेणी. गोरेगाव-मुलुंड रस्ता दिंडोशीजवळ मेट्रो 7 ला, सोनापूरच्या नाक्यावर मेट्रो 4 ला भेटतो आणि नाहूरला मध्य रेल्वे ओलांडतो. तीन उत्तर-दक्षिण मार्ग एका आडव्या दोरीने बांधण्याची ही जागा आहे. त्या रस्त्यावर फक्त मोटारी धावणार असतील तर 14 हजार कोटींत आपण दोन द्रुतगती महामार्गांवरच्या रांगा एकमेकींना जोडून देऊ, एवढेच.

साशंक : मधली श्रेणी हवी, हे मान्य. पण ती रुळांवरच हवी का? तुमच्याच गणितात एक बस मार्गिका घाला. दर तासाला शंभर बस, प्रत्येकीत साठ माणसे, म्हणजे सहा हजार. त्यासाठी रूळ, तारा, उपकेंद्र, डेपो काहीही नको. बेस्टकडे चालक आहेत, आगारे आहेत, आणि कमी पडत असतील तर ती उणीव भरून काढणे हे रुळांपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. दुसरी गोष्ट, या रस्त्याचा मधला भाग जंगलाखाली आहे. फिल्मसिटीपासून खिंडीपाड्यापर्यंत चढायला-उतरायला कुणी नाही. रेल्वेला दर किलोमीटरला प्रवासी लागतात. मधली पाच-सहा किलोमीटर रिकामी आणि दोन्ही टोके तुडुंब, अशा मार्गावर बस जास्त शहाणी ठरते, कारण ती बोगद्यातून बाहेर पडल्यावर कुठेही फाटा घेऊ शकते. कोणी मुलुंड चेकनाक्याला जाईल, कोणी भांडुपला, कोणी ऐरोलीला. रूळ एकदा घातले की गाडीला तेवढीच वाट.

आग्रही : बस फाटे घेते, हा तिचा गुण आहे आणि तिचा शत्रूही तोच. बसची मार्गिका म्हणजे रस्त्यावरचा रंग. रंग पुसायला एक आदेश पुरतो. पुण्यात 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. तिच्यात रिक्षा शिरल्या, दुचाकी शिरल्या, नगर रस्त्यावरची तर अलीकडे उखडूनच टाकली. प्रवाशांनी तिला नाकारले म्हणून ती गेली नाही. मोटारवाल्यांना ती मार्गिका डोळ्यांत खुपली आणि ती जपण्याची ताकद कुणाकडे नव्हती. रुळांवर गाडी उभी करून चहा प्यायला जाता येत नाही. रुळांची ताठरता ही त्यांची राजकीय सुरक्षा आहे. शिवाय रूळ दिसले की माणूस त्यांच्या भरवशावर घर घेतो, दुकान टाकतो. दादरला आजही लोक ‘टीटी’ म्हणतात, म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली तरी ते नाव टिकून आहे. बसच्या थांब्याला एवढे आयुष्य मिळत नाही.

साशंक : टीटीची गोष्ट दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. मुंबईत ट्राम 1874 मध्ये घोड्यांनी ओढलेली आली, 1907 मध्ये विजेवर गेली, आणि नव्वद वर्षांनी हटवली, कारण ती रस्त्यातल्या गर्दीत अडकू लागली होती. रुळांची ताठरता तिला वाचवू शकली नाही. दादरच्या पलीकडे, म्हणजे खऱ्या उपनगरांत, ती कधी फारशी पोचलीच नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड 1950 आणि 1957 मध्ये टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत आले, तोवर ट्रामचे दिवस भरत आले होते. म्हणून उपनगरी रस्त्यांवर रुळांसाठी जागा कधीच नव्हती. आता ती जागा काढायची, तर आधी जमिनीच्या आत काय आहे ते पाहावे लागेल. तुमच्या योजनेचा खरा शत्रू मोटारवाला नाही, तो जमिनीखाली आहे. 30 नोव्हेंबर 2023 ला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो 6 च्या खोदकामात 1800 मिलिमीटरची मुख्य जलवाहिनी फुटली आणि अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपरच्या मोठ्या भागांत कित्येक दिवस नळ कोरडे राहिले. आणि हे खांबाच्या एका भोकाने झाले. जमिनीवरचे रूळ म्हणजे रस्त्याच्या संपूर्ण लांबीवर सलग काँक्रीटची पाटी. तिच्याखालच्या प्रत्येक वाहिनीपर्यंत पोचायचा रस्ता कायमचा बंद.

आग्रही : म्हणूनच वाहिन्या आधी कडेला घ्यायच्या.

साशंक : कडेला घ्यायच्या, हे दोन शब्द एडिनबरोलाही सोपे वाटले होते. तिथे ट्रामच्या मार्गातल्या वाहिन्या हलवताना अशा वाहिन्या सापडल्या, ज्यांची नकाशात नोंदच नव्हती. 54.5 कोटी पौंडांची योजना 77.6 कोटींवर गेली, मार्ग निम्म्यावर आला, आणि 2014 मध्ये पहिली गाडी धावली तेव्हा शहरातले दुकानदार थकून गेले होते. ते स्कॉटलंडचे शहर, जिथे नोंदी निदान असतात. इथे जलवाहिनी महापालिकेची, मलवाहिनीही तिचीच पण दुसऱ्या खात्याची, गॅस एका कंपनीचा, वीज पश्चिमेला एका कंपनीची आणि भांडुप-मुलुंडला महावितरणची, टेलिफोनच्या तारा पाच-सहा जणांच्या. यातल्या कुणाचीही वाहिनी रस्त्याखाली नेमकी कुठे आहे, हे रस्ता उघडल्याखेरीज कळत नाही. आणखी एक बाब प्रवासी विचारत नाहीत, पण पाणी खात्याचा अभियंता विचारील. रुळांतून परत जाणारा डीसी प्रवाह जमिनीत गळतो आणि जवळच्या लोखंडी पाइपांना कुरतडतो. तानसाच्या वाहिन्या याच मुलुंड-भांडुपच्या बाजूने जातात. रूळ रबरी आवरणात घालून हे रोखता येते, पण ते आवरण तीस वर्षे अखंड ठेवणे हा एक वेगळा व्यवसाय आहे आणि तो आज इथे कोणाला येत नाही.

आग्रही : हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणूनच त्याची दिशा तपासायला हवी. वाहिन्या हलवण्याचा खर्च रुळांच्या खात्यावर टाकण्याची सवय झाली आहे. पण महापालिका जेव्हा एखादा रस्ता काँक्रीटचा करते तेव्हा जुन्या पाइपांचे काय करते? ते तसेच ठेवून वर पाटी ओतते. पाटीचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षे, खालच्या पाइपाचे आयुष्य कधीच संपलेले. मग दोन वर्षांत गळती होते आणि नवा कोरा काँक्रीटचा तुकडा फोडला जातो. उपनगरांतल्या कोणत्याही गल्लीत हे चौकोनी ठिगळ दिसते. म्हणजे वाहिन्या फूटपाथखालच्या नाल्यात घेणे हे रुळांमुळे येणारे काम नाही, ते काँक्रीटीकरणातच करायला हवे होते. रूळ फक्त ते टाळण्याची सोय काढून घेतात. पॅरिसमध्ये 2006 साली दक्षिणेच्या मारेशो बुलवारांवर ट्राम सुरू झाली तेव्हा रस्ता एका घराच्या भिंतीपासून समोरच्या घराच्या भिंतीपर्यंत पूर्ण नव्याने बांधला गेला. फूटपाथ, झाडे, पाणी, वीज, दिवे, सगळे. बहुतेक मार्गावर रूळ गवतात बसवले. त्या खर्चाला ट्रामचा खर्च म्हणतात, पण खरा तो रस्त्याचा कायाकल्प होता, आणि ट्रामच्या नावाखाली तो एकदाच झाला.

साशंक : पॅरिसमध्ये मुंबईच्या महापुरासारखा 26 जुलै नाही. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो अपवाद सोडला तरी दर पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग दहा-पंधरा वेळा बंद होतो, लालबहादूर शास्त्री मार्गाचे सखल भाग तासभर पाण्याखाली जातात. रुळांच्या खाचेत गाळ बसला की चाक उतरते. लोकलचे रूळ निदान खडीवर असतात, पाणी झिरपते. रस्त्यात पुरलेल्या रुळांना ती सोय नाही. आणि समजा पाणीही हटवले, तरी नाके उरतात. जमिनीवरची गाडी नाक्यावर थांबू नये म्हणून तिला हिरवा दिवा द्यावा लागतो. दोन्ही दिशांनी दर दोन मिनिटांनी गाडी, म्हणजे सरासरी दर मिनिटाला नाका तोडायचा. गांधीनगरसारखा नाका, जिथे जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता आणि शास्त्री मार्ग एकमेकांना कापतात, तिथे हे चालेल असे कोणी म्हणत नाही. मग नाक्यांवर गाडी उचलावी लागेल. दोन नाक्यांवर उचलली, मधे खाली आणली, पुन्हा उचलली, तर चढ-उतारांतच मार्ग संपेल. म्हणून सगळीच खांबांवर न्यावी लागेल. खांबांवर नेली की ती हलकी राहत नाही, कारण बांधकामाचा मोठा खर्च खांब आणि स्थानके यांचा असतो, डब्यांचा नव्हे. ठाण्याने हा प्रवास करून पाहिला आहे. अंतर्गत वर्तुळाकार मार्गासाठी आधी मेट्रो ठरली, मग खर्चाच्या कारणाने हलक्या रेल्वेकडे वळले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने अखेर 29 किलोमीटर, 22 स्थानकांच्या मेट्रोलाच मंजुरी दिली, 12,200 कोटींची. मुलुंडच्या शेजारीच हलकी रेल्वे अशी कागदावरच फिरून मेट्रो होऊन परतली.

आग्रही : ठाण्याचा रस्ता जुना होता, दाट होता, त्याला जमिनीवर जागाच नव्हती. म्हणूनच तिथे हलकी रेल्वे हरली. माझा मुद्दा जुन्या रस्त्यांबद्दल नाहीच. नवा किंवा मुळापासून पुन्हा बांधला जाणारा रस्ता हीच एकमेव वेळ आहे, जेव्हा जमिनीवरची रेल्वे स्वस्त असते. ती वेळ टळली की उरतात फक्त खांब. आणि नाक्यांचे म्हणाल, तर गोरेगाव-मुलुंड रस्ता नाके टाळूनच बांधला जातो आहे. दिंडोशी ते फिल्मसिटी उड्डाणपूल आहे, पुढे पेटी-बोगदा आणि डोंगराखालचे बोगदे, मुलुंडच्या बाजूला पुन्हा उड्डाणपूल, नाहूरचा पूल, ऐरोली नाक्याला वर्तुळाकार मार्ग. बारा किलोमीटरमध्ये सिग्नल फार थोडे. त्याच पुलांवर आणि त्याच बोगद्यात रुळांची जागा विचारात घेतली असती, तर जमिनीवरच्या ट्रामचा सगळा त्रास टळला असता. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल 2006 च्या सुमारास बांधले आणि 2020 च्या जुलैमध्ये पाडले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला तिथून जायचे होते आणि पुलाने तिची वाट अडवली होती. चौदा वर्षांचा पूल. दुसरीकडे नागपूरने वर्धा रस्त्यावर खाली महामार्ग, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो असे एकाच खांबावर बांधले, कारण तिथे दोघांची आखणी एका टेबलावर झाली. आपल्याकडे दोन्ही उदाहरणे आहेत. प्रश्न एवढाच की गोरेगाव-मुलुंड त्यांपैकी कोणाच्या मार्गाने जाणार.

साशंक : पण बोगद्याच्या तीन मार्गिकांपैकी एकीवर रूळ बसवायचे म्हटले, तर गाडी बंद पडल्यावर तिच्याभोवती माणसे कुठे उतरणार? मोटारींच्या धुरात, 4.7 किलोमीटरच्या नळीत? रस्त्याच्या बोगद्याची अग्निसुरक्षा आणि रेल्वेच्या बोगद्याची अग्निसुरक्षा यांचे नियम वेगळे. दोन्ही एकाच नळीत बसवता येतात, जगात तसे झालेही आहे, पण त्याचे माप पहिल्या दिवशी ठरवावे लागते. नंतर मोठी करता येत नाही अशी ही एकच वस्तू आहे. आता बोगद्याच्या निविदा निघून काम सुरू झाल्यावर हा वाद पाच-सात वर्षे उशिरा आला आहे. आणि डेपो? मेट्रो 6 चा डेपो कांजूरमार्गला हवा होता. त्या जमिनीवरून केंद्र आणि राज्य न्यायालयात गेले, 2020 च्या डिसेंबरमध्ये कामाला स्थगिती मिळाली, आणि सुमारे 15 हेक्टर जागेचा मार्ग मोकळा व्हायला आणखी काही वर्षे गेली. मेट्रो 3 चा आरे कारशेडचा वाद तर सगळ्यांना ठाऊक आहे. या रस्त्याचे पश्चिमेचे टोक आरे आणि फिल्मसिटीला लागून आहे. डेपो कुठे, हे आधी सांगा. रूळ मागाहून.

आग्रही : डेपोचा प्रश्न टाळता येत नाही, हे खरे, आणि तो या योजनेचा सर्वांत दुबळा सांधा आहे. पूर्वेकडे नाहूर ते ऐरोली नाक्याच्या दरम्यान, जिथे मेट्रो 4 आणि मेट्रो 6 यांच्या सोयींच्या शेजारी जागा घेता येईल, तिथेच पाहावे लागेल. पण तुम्ही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आज मागत आहात, तर माझी मागणी तितकी मोठी नाही. मी रेल्वे बांधा असे म्हणत नाही. मी म्हणतो, तिला अडवू नका. रस्त्याच्या मधल्या आठ मीटरखाली एकही जलवाहिनी किंवा गटार टाकू नका. सगळ्या वाहिन्या फूटपाथखालच्या नाल्यांत. उड्डाणपुलांचे खांब मधोमध ठोकण्याऐवजी असे ठेवा की त्यांच्यातून किंवा त्यांच्यावर दुसरा भार घेता येईल. चढ सहा टक्क्यांच्या आत, वळणे मोठ्या त्रिज्येची. नव्याने काँक्रीट होणाऱ्या लिंक रोडच्या, शास्त्री मार्गाच्या उरलेल्या तुकड्यांवरही हीच शिस्त पाळा. यातला खर्च संपूर्ण रस्त्याच्या खर्चाच्या मानाने नगण्य असतो. पुढे रेल्वे आली नाही तर त्या पट्ट्यावर बस धावतील. तेव्हा तुमची शंभर बसची मार्गिकाही मिळेल, आणि ती रंगाची नसेल.

साशंक : आता बोलणे मुद्द्यावर आले. कारण हे मान्य केले की प्रश्न अभियांत्रिकीचा राहतच नाही. आठ मीटरचा मोकळा पट्टा उपनगरात दहा वर्षे मोकळा ठेवणार कोण? पहिल्या वर्षी त्यावर मेट्रोच्या ठेकेदाराचे लोखंड येईल, दुसऱ्या वर्षी गणपतीचा मंडप, तिसऱ्या वर्षी वाहनतळाचा फलक, चौथ्या वर्षी कुणीतरी विचारील की इथे चौथी मोटार मार्गिका का करत नाही. आणि तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसेल. रस्ता महापालिकेचा, मेट्रो मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए), बस बेस्टची, लोकल रेल्वे मंत्रालयाची. दोन्ही द्रुतगती महामार्ग 2022 पर्यंत एमएमआरडीएकडे होते, मग महापालिकेकडे आले. मुंबई महानगराच्या सर्व वाहतुकीचा एकत्रित विचार करण्यासाठी 2008 मध्ये एकीकृत परिवहन प्राधिकरण स्थापन झाले, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली, पण खोदायला ‘थांब’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे नव्हता. बैठका झाल्या, खांब मात्र ज्याचे त्याने ठोकले. अशा व्यवस्थेत मोकळा पट्टा म्हणजे बेवारस पट्टा. आदिस अबाबाचे उदाहरण घ्या. 2015 मध्ये तिथे हलकी रेल्वे झोकात सुरू झाली, 41 गाड्या आणल्या, काही वर्षांत सुट्या भागांअभावी त्यांतल्या बहुतेक उभ्या राहिल्या. रूळ बांधणे ही घटना होती, सांभाळणे हे खाते होते, आणि खातेच नव्हते. आधी खाते उभे करा, पट्टा मग मागा.

आग्रही : आणि खाते उभे राहीपर्यंत रस्ता काँक्रीट होऊन जाईल. नेमकी हीच अडचण आहे. खाते अशा वेळी उभे राहते, जेव्हा त्याच्या ताब्यात द्यायला काही असते. दिल्ली मेट्रोला जमीन मिळाली म्हणून संस्था मोठी झाली, संस्था आधी मोठी झाली म्हणून जमीन मिळाली असे नाही. तुम्ही म्हणता अधिकार नसताना पट्टा सोडणे व्यर्थ. मी म्हणतो पट्टा नसताना अधिकार मागणे हास्यास्पद.

साशंक : मग दोघांनी मिळून एकच मान्य करू. पट्टा अभियंत्याच्या आराखड्यात ठेवून भागणार नाही, तो विकास आराखड्यात नोंदवावा लागेल, आणि ज्या संस्थेसाठी नोंदवला तिचे नाव सोबत लिहावे लागेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 खाली आराखड्यात असा फेरबदल करता येतो. पण त्याच कायद्याचे कलम 127 सांगते की आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर ठरलेल्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण गळून पडते. रस्त्याच्या रेषेतली जमीन महापालिकेची झाली की ती सुरक्षित, पण डेपोची जमीन, स्थानकांच्या जिन्यांची जमीन, वळणावरच्या कोपऱ्यांची जमीन खासगी असते. तिच्यावर दहा वर्षांचे घड्याळ चालते. तुमचा पट्टा आठ मीटरचा, त्याचे आयुष्य दहा वर्षांचे. एवढ्यात रेल्वे आली तर ठीक, न आल्यास मालक न्यायालयात.

आग्रही : दहा वर्षे ही मुदत मला पुरेशी वाटते.

साशंक : मला वाटत नाही. मेट्रो 1 ला 2004 मध्ये मान्यता मिळाली, ती 2014 मध्ये धावली. तिचा मार्ग ठरलेला होता, पैसे ठरलेले होते, संस्था ठरलेली होती.